गेटपर्यंत

आमच्या टाइम ऑफिसात दोन खुर्च्या होत्या. एक मंदाताई ठवकरांची आणि दुसरी लाल, ज्याचं काम आजपासून बंद होणार आहे त्याची. या दुसऱ्या खुर्चीवर सहसा कुणी टेकत नसे. एकदा एक नवा ट्रक ड्रायव्हर गेटपासची वाट पाहत तिच्यावर निवांत बसला, तेव्हा दारावरून जाणारी दोन-तीन माणसं एकदम ओरडली, "अबे ऊठ, ऊठ! तिथं नको बसू!" तो बिचारा दचकून उठला आणि खुर्चीचा पाय मोडला आहे की काय, ते वाकून पाहू लागला.

कंपनी बुटीबोरीला. सुतापासून कापडापर्यंत सगळं एका आवारात. आत काम करणारी माणसं दोन प्रकारची होती, 'कंपनीची' आणि 'एजन्सीची'. दोघं एकाच मशीनवर उभी राहत, एकमेकांच्या डब्यातला ठेचा खात, पण गळ्यातल्या पासची पट्टी वेगळी. कंपनीवाल्यांची निळी, एजन्सीवाल्यांची पिवळी. काम आमचं, माणूस एजन्सीचा. ऑर्डर घटली की आम्ही एजन्सीला कळवायचं आणि एजन्सीनं त्या माणसाला. शेवटचं ते कळवायचं काम मंदाताईंकडे होतं. बसायच्या आमच्या ऑफिसात, पण माणूस एजन्सीच्या, म्हणजे पट्टी पिवळीच. मी एचआरमध्ये, निळ्या पट्टीचा.

नोकरी लागली तेव्हा मी नवाकोरा एमबीए होतो. माणसाला कामावरून कमी करण्याला आमच्या पुस्तकात सहा-सात गोंडस नावं होती. मंदाताईंकडे एकही नव्हतं. त्यांच्याकडे खुर्ची होती.

"उभ्या माणसाले वाईट बातमी सांगू नाही," हा त्यांचा पहिला कायदा. माणसाला आधी बसवायचं. मग पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि त्यानं पाणी पिईपर्यंत गप्प राहायचं. मग नाव घेऊन सरळ सांगायचं, "रमेश, तुझं काम उद्यापासून बंद झालं. तुझी काही चूक नाही." चूक असेल तर तीही तितकीच सरळ सांगत. आडपडदा त्यांना ठाऊकच नव्हता. मग माणूस रडो, भांडो, एजन्सीच्या सात पिढ्यांचा उद्धार करो, त्या ऐकून घेत. तो दमला की विचारत, "घरी काय सांगशीन?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, या बाईला काय करायच्यात नसत्या उचापती? पण त्या प्रश्नाशी आलं की भलेभले अडत. कुणी म्हणे, सांगणारच नाही, रोज डबा घेऊन निघीन आणि स्टेशनवर बसून राहीन. "अन् डबा कोण बांधून राहिलं गा? तिलेच फसवशीन?" मंदाताई विचारत. मग दोघं मिळून घरी सांगायचं एक वाक्य जुळवत. साधंच, खरं आणि तोंडातून निघेल असं. ते वाक्य त्याला दोनदा म्हणायला लावत. मग उठून त्याच्याबरोबर गेटपर्यंत चालत जात.

आपल्याकडे पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवतात, त्यात सांगण्यासारखं काय? पण जे काल आपले होते आणि आज कुणीच नाहीत, त्यांना कोण पोचवतं? आजूबाजूच्या कंपन्यांत माणूस सकाळी गेटवर यायचा आणि गार्ड म्हणायचा, तुझं नाव नाही. की झालं. मंदाताईंना या रीतीची चीड होती. त्यांचे वडील गोळीबार चौकातले हातमागवाले. मागाचा धंदा बसला तेव्हा शहरातल्या एका गिरणीत लागले. ती गिरणी बंद झाल्याचं त्यांना गेटवरच्या फळ्यावरून कळलं. "संध्याकाळलोक, दिवस बुडेपर्यंत तिथंच उभे होते बाबा. डबा हातात," एवढंच मंदाताईंनी एकदा बसमध्ये सांगितलं, आणि लगेच खिडकीला डोकं टेकून झोपल्या. बसमध्ये त्यांना हटकून झोप लागे, आणि अशा घोरत की मागच्या सीटवरची पोरं हसून बेजार होत.

एक गोष्ट मात्र मला खटके. गेटवर माणूस बाहेर पडला की मंदाताई तत्काळ पाठ फिरवून आत येत. हात हलवणं नाही, थांबणं नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, इतकं करता, मग क्षणभर थांबत काहून नाही?" त्यांच्या बोलीतला 'काहून' माझ्या तोंडी आलेला ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, "पोचवणाऱ्यानं उभं नाही राहायचं, सर. आपण पाहून राहिलो तं जाणाऱ्याचा पाय उचलत नाही." त्यानंतर मी त्यांना कठोर म्हणणं सोडून दिलं.

तशा त्या काही गरीब गाय नव्हत्या. शिफ्टला उशिरा येणाऱ्यांना गेटवरच असं झापत की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. पोरींच्या ओढण्या मशीनमध्ये अडकतील म्हणून एकेकीला दारात उभी करून गाठ मारायला लावत, "तुझ्या मायले मी काय तोंड दाखवू वं?" कँटीनवाल्याशी त्यांचं कायमचं वाकडं. पिवळ्या पट्टीला पोह्यांवर तर्री मागितल्याशिवाय मिळत नसे. मंदाताई ती मागत नसत. प्लेट तशीच धरून समोर उभ्या राहत, मागे रांग खोळंबे, आणि शेवटी तो चरफडत तर्री ओते. "तर्री काय मागाची चीज हाये का? ते वाढाची असते," त्या मला म्हणाल्या होत्या. तर्रीच्या त्या लढाईत त्या रोज जिंकत आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

एजन्सीच्या माणसांना वर्ष भरत आलं की काही दिवसांचा 'ब्रेक' मिळे. ब्रेक म्हणजे सुटी नव्हे. जुना पास जमा करायचा, काही दिवस घरी बसायचं आणि नवा पास घेऊन नव्यानं लागायचं. म्हणजे माणूस जुना होत नाही. तो कायम नवाच राहतो. मंदाताई पोरींची थट्टा करत, "जा वं, माहेरपण करून ये. सासर कुठं पळून नाही राहिलं." पण मंदाताईंनाही ब्रेक असे, आणि त्यांच्यावाचून टाइम ऑफिसचं पान हलत नसे. मग त्या ब्रेकच्या दिवसांत रोजच्या बसनं येत आणि गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसत. आतून माणसं रस्ता ओलांडून त्यांना विचारायला जात. मीही गेलो आहे. कागद हातात घेऊन एचआरचा अधिकारी टपरीवर उभा आणि नोकरीत नसलेली बाई त्याला कुठं सही करायची ते दाखवतेय, असं ते दृश्य असे. टपरीवाला त्यांना वेगळा बाक देई. प्रत्येक नवा एचआर प्रमुख त्यांना म्हणे, "मंदाताई, पुढच्या वर्षी तुम्हाला कंपनीच्या रोलवर घेऊ." त्या "होय बापा" म्हणत आणि कामाला लागत.

त्यांच्या हातून एकदा मोठी चूक झाली. आमच्याकडे संतोष उईके नावाचे दोघे होते, दोघंही सिवनीकडचे, दोघंही पिवळे. एकाचं काम बंद करायचं होतं. मंदाताईंनी दुसऱ्याला बोलावलं. बसवलं, पाणी दिलं, सांगितलं. तो मुकाट ऐकत राहिला. घरी काय सांगायचं तेही जुळवलं, आणि त्याला गेटपर्यंत पोचवून त्या परत आल्या, तर ज्याचं काम बंद व्हायचं तोच संतोष आत धागा जोडत उभा! मंदाताईंच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी तेवढा एकदाच पाहिला. कुणी म्हणालं, फोन करा त्याला. त्या म्हणाल्या, "फोनवर पोचवलं होतं का मी त्याले?" आणि भर उन्हात चालत त्याच्या खोलीवर गेल्या. तो सामान बांधत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गेटवरून हाताला धरून थेट खात्यात त्याच्या मशीनपाशी नेऊन उभा केला. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चुकली मी." संतोष लाजून चूर. म्हणाला, "दीदी, हमको लगा आप बोल रही हो तो सही होगा." या वाक्यानं त्या हादरल्या. पुढे कितीतरी दिवस त्या माणसाला बसवल्यावर आधी त्याच्या बापाचं नाव विचारत.

आणि निंबाजी. रंगाई खात्यातला म्हातारा. कंपनीची इमारत उभी राहत होती तेव्हापासून तो होता, पण एजन्सी बदलत गेल्या आणि पट्टी पिवळीच राहिली. वय झालं म्हणून त्याचा पास पुढे न वाढवायचं ठरलं. त्याच महिन्यात कंपनीच्या एका फोरमनचा निरोप समारंभ होता, हॉलमध्ये शाल, श्रीफळ, भाषणं. मंदाताई मला घेऊन तेव्हाच्या प्रमुखांकडे गेल्या. त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी, निंबाजीलाही एक खुर्ची मांडू द्या, बाकी काही नको. साहेब म्हणाले, "तो आपला एम्प्लॉयी नाही, ताई. उद्या कुणी कोर्टात फोटो दाखवला तर?" मंदाताई वाद न घालता उठल्या. त्या दिवशी त्यांनी निंबाजीला गेटपर्यंत सरळ रस्त्यानं नेलंच नाही. रंगाईतून विणाईत, विणाईतून कताईत, कताईतून गोदामात, असं सगळं कापड उलटं उसवत नेल्यासारखं एकेका खात्यातून घेऊन गेल्या. मशीन बंद करायची परवानगी नव्हती, कुणी केलीही नाही. पण जिथून तो जाई तिथला माणूस एक हात मशीनवर ठेवून दुसरा हात त्याच्यापुढे करी. निंबाजीचे हात कायमचे निळे झालेले होते. मी कताईच्या दारात उभा होतो. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी नुसता त्याचा हात धरला. नंतर प्रॉडक्शन मॅनेजरनं मंदाताईंना फैलावर घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डबा उघडला.

त्याच संध्याकाळी बसमध्ये त्या झोपल्या नाहीत. रहाटे कॉलनी चौक येईपर्यंत बाहेर पाहत होत्या. एकदम म्हणाल्या, "सर, माझ्या वेळेस कोण येईन गेटपर्यंत?"

"मी येईन की."

"खुर्ची द्यान?"

"देईन. पाणीही देईन."

"मंग बरं हाये," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्या गमतीनं बोलल्या असं मला तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, त्यांना आयुष्यात कंपनीकडून तेवढंच हवं होतं. रोलवर घेण्याचं त्यांनी केव्हाच मनातून काढून टाकलं होतं.

घरी त्यांचे यजमान. अर्धांगानं एका अंगावर पडून. मंदाताई घरी गेल्या की कंपनीतली सगळी हकीकत त्यांना ऐकायला लागे. कोण आला, कोण गेला, कँटीनवाल्यानं आज किती वेळ रांग खोळंबवली. मी एकदा भेटायला गेलो तर त्यांनी मला नुसत्या वर्णनावरून ओळखलं. "हे खोटं बोलले की चष्मा पुसतात ते का?" त्यांनी बायकोला विचारलं. मी चष्म्याकडे गेलेला हात खाली घेतला.

मग बदल आला. नवे प्रमुख बाहेरून आले होते. हुशार, मृदू बोलणारे, आणि मला सांगायलाच हवं, वाईट मनाचे मुळीच नव्हते. त्यांनी पडद्यावर सगळं समजावलं. तीन एजन्सींऐवजी एकच मोठी एजन्सी. पासऐवजी गेटवर चेहरा ओळखणारं मशीन. माणूस लागला की मोबाइलवर मेसेज, काम बंद झालं की मोबाइलवर मेसेज, आणि त्याच क्षणी मशीनमधून त्याचा चेहरा बाद. भेदभाव नाही, वशिला नाही, आरडाओरडा नाही. शेवटी म्हणाले, काही शंका?

मंदाताई भिंतीशी उभ्या होत्या. "सर, मेसेज येईन तवा माणूस बसला असन का उभा?"

साहेबांनी प्रश्नाचा मान ठेवून विचार केला. "तो कुठेही असला तरी चालेल, ताई. तोच तर फायदा आहे."

"म्हणजे त्याले बाहेरच समजन," मंदाताई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस चेहरे नोंदवायचं काम चाललं. आणि ते करणार कोण? मंदाताईच. मशीनपुढे रांग लावून एकेकाला उभं करत. "पदर मागं घे वं. डोळे मोठे कर गा, भूत नाही दिसून राहिलं तुले." कुणी फोटोसाठी हसलं की मशीन नाकारी. "हासू नको, त्याले हासणं समजत नाही." सगळ्यांचं झाल्यावर शेवटी स्वतः उभ्या राहिल्या. मशीननं दोनदा नाकारलं. मी म्हटलं, ताई, कपाळावरच्या आठ्या काढा. तिसऱ्यांदा घेतलं.

त्यानंतर लाल खुर्चीवर कुणी बसलं नाही. माणसं सकाळी गेटवरूनच परत जात. मंदाताई दिवसभर खिडकीतून गेटकडे पाहत. कुणी अडकलेला दिसला की धावत जात, पण तोवर तो मशीनच्या पलीकडे असे आणि त्या अलीकडे. जाळीतून बोलत. "घरी काय सांगशीन?" हे जाळीतून विचारता येत नाही, असं त्या मला म्हणाल्या.

याद्या आता नव्या एजन्सीच्या मुख्य ऑफिसातून थेट मशीनला जात. माझ्याकडे नंतर येत. त्यामुळे त्या सकाळी, मी आधीच्या बसनं येऊन ऑफिसात बसलो असताना गेटवरून तिवारीचा फोन आला, तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. तिवारी आमचा गार्ड, तोही एजन्सीचाच. "सर, ज़रा आ जाइए. मंदा दीदी को नहीं ले रहा."

मेसेज बसमध्येच आला होता. त्या झोपलेल्या होत्या. मी गेटवर पोचलो तेव्हा त्या मशीनच्या बाजूला उभ्या होत्या, मागच्यांचा खोळंबा नको म्हणून. एकेक जण चेहरा दाखवून आत जात होता आणि जाताना त्यांच्याकडे पाहत होता. त्या सगळ्यांना म्हणत होत्या, "व्हा पुढं, व्हा. उशीर लागन." हातात डबा होता.

मला पाहून म्हणाल्या, "सर, मले थोडा वेळ आत येऊ द्या. मले आतून बाहेर जायचं हाये. बाहेरूनच बाहेर कशी जाऊ?"

मशीनला साहेबही हुकूम करू शकत नव्हते, मी कोण? तेव्हा तिवारी खालच्या आवाजात म्हणाला, "सर, विज़िटर पास बना दूँ?" आणि त्यानं पाहुण्यांचा पास मंदाताईंच्या गळ्यात घातला. त्या पासच्या मागे नियम छापलेला असतो. पाहुण्याला कंपनीच्या माणसानं सोबत आत न्यावं आणि सोबतच गेटपर्यंत आणून सोडावं. इतकी वर्षं मंदाताई जे आपल्या मनानं करत होत्या, ते पाहुण्यांसाठी नियमातच होतं.

टाइम ऑफिसात त्या स्वतःच्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. लाल खुर्चीवर बसल्या, डबा मांडीवर ठेवून. मी ग्लास भरून दिला. त्यांनी पाणी पूर्ण प्यायलं. मी गप्प राहिलो, कारण तसंच करायचं असतं.

"सांगा सर. नाव घेऊन सांगा."

"मंदाताई, तुमचं काम आजपासून बंद झालं. तुमची काही चूक नाही."

माझा हात चष्म्याकडे गेला नाही. ते त्यांनी पाहिलं. मान हलवली. "मंग? पुढचं इचारा ना."

"घरी काय सांगाल?"

खिडकीतून कताईचा आवाज येत होता. कितीतरी वेळ त्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हे मले नाही येऊन राहिलं, सर. लोकायसाठी जमत होतं." आणि मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मलाही ते आवरलं नाही, आणि आवरावं असं वाटलंही नाही.

आम्ही दोघांनी मिळून वाक्य जुळवलं. मी सुचवलेली सगळी त्यांनी मोडीत काढली. एक खोटं होतं, दुसरं एचआरवाल्यांसारखं होतं. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "सांगीन, आज मले गेटलोक पोचवून देल्लं. बाकी त्याह्यले समजते." तेच वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

मग आम्ही चालत निघालो. त्यांना खात्यांतून जायचं नव्हतं. "लोकं काम करून राहिले," म्हणाल्या. सरळ रस्त्यानं आलो. चालताना त्यांनी मला फक्त एवढंच सांगितलं, की कताईत दोन नव्या पोरी आल्या आहेत, त्यांच्या ओढण्यांकडे लक्ष ठेवा.

गेटवर त्यांनी पास काढून तिवारीला दिला. तो त्यांच्या पाया पडू लागला तर त्यांनी त्याला मधेच धरलं. मग माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही व्हा आत, सर. उभे नका राहू."

मी पाठ फिरवली. मागे वळून पाहणार नव्हतो, तो त्यांचा कायदा होता. पण आत जायचं तर मशीनपुढे उभं राहावंच लागतं. मशीनच्या काचेत माझा चेहरा आला, त्याभोवती हिरवी चौकट आली, आणि माझ्या खांद्यामागे, अगदी लहान, मंदाताई डबा सावरत रस्ता ओलांडताना दिसल्या. टपरीवाल्यानं बाक पुसला. त्या तिथे थांबल्या नाहीत, बस थांब्याकडे गेल्या. मशीननं मला ओळखलं आणि दार उघडलं.